शस्त्रत्यागाचे तत्त्वज्ञान : चिनी 'वूश्या' कादंबरी आणि चित्रपट यांचा चिकित्सक अभ्यास

सारांश

चिनी भाषेतील 'वूश्या' ही शस्त्रविद्येची अद्भुतरम्य कथापरंपरा जगभर लोकप्रिय आहे. तिचे आकर्षण प्रामुख्याने तलवारबाजी आणि चमत्कृती यांत शोधले जाते. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, या परंपरेतील श्रेष्ठ कलाकृतींचा गाभा बळाच्या प्रदर्शनात नसून बळावर स्वतःहून घातलेल्या मर्यादेत आहे. ही मर्यादा कोणी घालायची, वीराने स्वतः की राज्यसत्तेने, हा या परंपरेपुढील खरा नैतिक प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : वूश्या, जिआंगहू, जिन योंग, न्याय, शस्त्रत्याग, राज्यसत्ता.

१. प्रास्ताविक

लोकप्रिय साहित्याकडे आपल्या विद्यापीठीय समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. जे पुष्कळ वाचले जाते ते उथळच असणार, हा समज त्यामागे असतो. चिनी वूश्या साहित्याच्या वाट्यालाही दीर्घकाळ हीच उपेक्षा आली. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला चिनी युद्धकलेची ओळख झाली ती बहुधा ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) सारख्या चित्रपटांतून. त्यामुळे 'कुंग फू' म्हणजे मारामारी, असे समीकरण रूढ झाले. वूश्या ही त्याहून वेगळी आणि बरीच जुनी परंपरा आहे. तिच्या कथा बहुधा प्राचीन वा मध्ययुगीन चीनमध्ये घडतात. त्यातील पात्रे तलवार चालवतात, साधनेने मिळवलेल्या आंतरिक शक्तीच्या बळावर छपरांवरून आणि पाण्यावरून विहरतात, गुरूच्या ऋणासाठी किंवा दिलेल्या शब्दासाठी आयुष्य पणाला लावतात.

'वू' म्हणजे युद्धविद्या. 'श्या' या शब्दाला मात्र मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'वीर' म्हटले की राजा आणि रणांगण डोळ्यांपुढे येते. 'बंडखोर' म्हटले की सत्तेशी उघड वैर सूचित होते. श्या राजाचा सेवक नसतो आणि राज्य मिळवण्याची त्याला इच्छाही नसते. दुर्बळावर अन्याय होताना दिसला की तो मध्ये पडतो आणि काम झाल्यावर निघून जातो. म्हणूनच या परंपरेच्या मुळाशी एक प्रश्न आहे : ज्याच्या हाती बळ आहे आणि ते वापरण्याची किंवा न वापरण्याची आज्ञा देणारा ज्याच्यावर कोणी नाही, त्याने त्या बळाचे काय करावे?

या प्रश्नाच्या अनुषंगाने काही निवडक कादंबऱ्या आणि चित्रपट यांचा विचार येथे केला आहे. प्रस्तुत लेखिकेला चिनी भाषा अवगत नसल्याने हा अभ्यास भाषांतरे, चित्रपट आणि उपलब्ध समीक्षा यांवर आधारलेला आहे. त्यामुळे भाषाशैलीविषयी विधाने करण्याचे टाळले आहे.

२. 'श्या' : कायद्याबाहेरचा नीतिमान

श्याविषयीचा वाद कथावाङ्मयाच्याही आधीचा आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेई कठोर दंडनीतीचा पुरस्कर्ता होता. विद्वान आपल्या लेखणीने आणि श्या आपल्या शस्त्राने राज्याचा कायदा खिळखिळा करतात, असा त्याचा आक्षेप होता. याउलट, शतकाहून अधिक काळाने लिहिणाऱ्या सिमा छियान या इतिहासकाराने आपल्या इतिहासग्रंथात भ्रमंती करणाऱ्या श्यांसाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. त्यांचे वर्तन नेहमी नियमाला धरून नसते हे तो मान्य करतो. पण ते शब्दाला जागतात, संकटग्रस्तासाठी प्राणांची पर्वा करत नाहीत आणि केलेल्या उपकाराची वाच्यता करत नाहीत, म्हणून तो त्यांना गौरवतो. एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राट वू याच्या कारकिर्दीत सिमा छियानला खच्चीकरणाची शिक्षा भोगावी लागली होती. त्या वेळी त्याच्या साहाय्याला कोणीही धावून आले नाही. या पार्श्वभूमीवर त्याच्या लेखनातील श्याविषयीची आस्था अधिक अर्थपूर्ण वाटते.

त्याने सांगितलेली ग्वो जिए याची हकिकत या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्वो जिएच्या भाच्याने मामाच्या दराऱ्याच्या जोरावर एकाला बळजबरीने मद्य पाजले. संतापलेल्या त्या माणसाने भाच्याला ठार केले. बहिणीने सूडाचा आग्रह धरला. मारेकऱ्याने स्वतः येऊन सारी घटना सांगितली, तेव्हा चूक आपल्याच भाच्याची होती हे मान्य करून ग्वो जिएने त्याला सोडून दिले. पुढे मात्र त्याच्या एका चाहत्याने, त्याला न कळवता, त्याच्यावर टीका करणाऱ्या एका विद्वानाचा खून केला. तेव्हा दरबारातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने युक्तिवाद केला की, ग्वो जिएला हा खून ठाऊक नसणे हा ठाऊक असण्यापेक्षाही मोठा गुन्हा आहे. परिणामी ग्वो जिएचा कुळासह उच्छेद करण्यात आला.

या एकाच हकिकतीत वूश्या परंपरेचा सगळा पेच सामावलेला आहे. आप्ताच्या बाजूने उभे न राहता न्याय करणारा माणूस श्रेष्ठ, हे खरे. परंतु ज्याच्या केवळ नावावर माणसे मारली जातात, असा कायद्याबाहेरचा माणूस समाजाने कितपत सहन करावा, हा दरबाराचा प्रश्नही अगदीच निराधार म्हणता येत नाही. श्रेष्ठ वूश्या लेखक या दोन्ही बाजू डोळ्यांआड होऊ देत नाहीत.

३. जिआंगहू : पर्यायी समाज की दुसरा तुरुंग?

श्या ज्या जगात वावरतो त्याला 'जिआंगहू' म्हणतात. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरे. राजधानीपासून दूर असलेले हे जग खाणावळी, मठ, बाजारपेठा, डोंगरातील आखाडे आणि भिकाऱ्यांच्या संघटना यांनी गजबजलेले असते. सुमारे चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'शुइहू च्वान' या कादंबरीतील १०८ बंडखोर पाणथळ प्रदेशात एकत्र येतात. तेथपासून हे जग चिनी वाचकाच्या कल्पनेत घर करून आहे.

आधुनिक काळात या जगाला वृत्तपत्राने नवे आयुष्य दिले. १९२८ ते १९३१ या काळात शांघायमध्ये 'लाल कमळाच्या मंदिराचे दहन' या चित्रपटाचे १८ भाग निघाले. लवकरच तत्कालीन शासनाने अशा चित्रपटांवर निर्बंध आणले. पुढे १९५४ च्या जानेवारीत मकाऊ येथे दोन युद्धकलागुरूंमध्ये जाहीर सामना झाला. त्याविषयीचे लोकांचे कुतूहल पाहून हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने ल्यांग युशेंग यांची वूश्या कादंबरी क्रमशः छापण्यास सुरुवात केली. पुढील वर्षी त्यांचे सहकारी जिन योंग (१९२४–२०१८) यांनीही लेखणी उचलली. १९५५ ते १९७२ या काळात त्यांनी १५ कथाकृती लिहिल्या. १९४९ नंतर मायभूमीपासून तुटलेल्या चिनी वाचकांना या कादंबऱ्यांतील जिआंगहूत आपला हरवलेला देश भेटत असे. चीनची मुख्य भूमी आणि तैवान, या परस्परांच्या शत्रू असलेल्या दोन्ही सत्तांनी काही काळ जिन योंग यांच्या पुस्तकांवर बंदी घातली होती, हे लक्षणीय आहे.

जिन योंग यांनी जिआंगहूचे केवळ उदात्तीकरण केले नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ ते १९६९ दरम्यान, लिहिलेल्या 'श्याओ आओ जिआंगहू' या कादंबरीत ल्यू जंगफेंग हा एक ज्येष्ठ योद्धा निवृत्तीचा विधी योजतो. सोन्याच्या पात्रात हात धुतले की त्याचा जिआंगहूशी संबंध संपणार असतो. त्याचा अपराध एवढाच की, शत्रुपंथातील एका वादकाशी त्याची संगीतामुळे मैत्री जुळली आहे. मित्राला मारण्याचे तो नाकारतो आणि स्वतःला सत्पक्ष म्हणवणारे लोक भर समारंभात त्याच्या कुटुंबाची कत्तल करतात. राजसत्तेपासून मुक्त म्हणवणाऱ्या जगातही पक्ष, निष्ठेची सक्ती आणि शुद्धीकरणाची क्रूरता कशी शिरते, याचे हे विदारक चित्र आहे. आपल्याला विशिष्ट व्यक्ती रंगवायच्या नसून चिनी राजकीय जीवनातील सर्वकालीन प्रवृत्ती दाखवायच्या होत्या, असे लेखकाने पुढे उपसंहारात स्पष्ट केले.

४. एका प्रश्नाची तीन उत्तरे

बळाचे काय करावे, या प्रश्नाला चीनमधील तीन प्रमुख विचारपरंपरांच्या आधारे तीन उत्तरे संभवतात. जिन योंग यांच्या नायकांत ती स्पष्टपणे दिसतात.

(अ) सेवा : कन्फ्यूशियसच्या परंपरेत कर्तव्याला आणि नात्यांतील सचोटीला सर्वोच्च स्थान आहे. ग्वो जिंग हा मंदबुद्धी वाटणारा, पण अत्यंत सरळ मनाचा नायक हे उत्तर जगतो. मंगोलांमध्ये वाढलेला हा तरुण चंगीझ खानाच्या अखेरच्या दिवसांत त्याला सुनावतो की, अगणित माणसे मारून मोठा प्रदेश जिंकणारा थोर ठरत नाही. पुढे तो श्यांगयांग शहराच्या रक्षणासाठी आयुष्य वेचतो. अर्थात तो राजाचा चाकर नव्हे; त्याची निष्ठा शहरातील माणसांशी आहे.

(आ) त्याग : ताओ विचारातील मृदुता आणि सहजता यांचे उत्तर यापेक्षा निराळे आहे. 'शंद्याओ श्यालू' (१९५९–१९६१) या कादंबरीत यांग ग्वो याला दुगू छ्यूबाय नावाच्या दिवंगत तलवारबहाद्दराने आपल्या तलवारी पुरलेली जागा सापडते. तारुण्यातील तलवार धारदार आहे. दुसऱ्या तलवारीच्या जागी केवळ शिळा आहे. त्या तलवारीने चुकून एक सज्जन जखमी झाला, म्हणून ती दरीत फेकून दिलेली आहे. तिसरी जड आणि बिनधारेची, तर चौथी लाकडाची. त्यापुढची अवस्था तलवारीवाचूनची. माणूस जसजसा समर्थ होत जातो तसतसे त्याचे शस्त्र बोथट होत जाते, ही कल्पना या परंपरेचे सार सांगते. त्या क्रमात एक रिकामी जागाही आहे, हे विसरून चालणार नाही. शस्त्रत्यागाच्या वाटेवर अपराधाच्या जाणिवेचा हा टप्पा लेखकाने हेतुपूर्वक ठेवला असावा. दुसऱ्या एका कादंबरीत वृद्ध गुरू जांग सानफेंग शिष्याला ऐन संकटात नवी तलवारविद्या शिकवतो आणि किती विसरलास, असे विचारतो. सारे विसरलो, असे शिष्य सांगतो तेव्हाच तो लढण्यास सिद्ध होतो.

(इ) करुणा : 'तियान लोंग बा बू' (१९६३–१९६६) या कादंबरीचे शीर्षकच बौद्ध परंपरेतील आठ गणांवरून घेतलेले आहे. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग ही त्यांची नावे मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. या कादंबरीतील सर्वांत समर्थ पुरुष म्हणजे शाओलिन मठाच्या ग्रंथालयात झाडू मारणारा एक अनाम भिक्षू. संहाराची विद्या जितकी वाढेल तितकीच करुणा वाढवली नाही, तर ती विद्या शिकणाऱ्याच्याच शरीरात व्याधी होऊन उतरते, असे तो दोन सूडाने पेटलेल्या वृद्धांना दाखवून देतो.

याच कादंबरीचा नायक श्याओ फेंग सोंग राज्यातील भिकाऱ्यांच्या संघाचा लाडका प्रमुख आहे. तो जन्माने शत्रुपक्षाचा, खितान वंशाचा असल्याचे उघड होताच त्याचेच लोक त्याच्यावर उलटतात. सूडाच्या शोधात तो गैरसमजाने आपल्या प्रेयसीलाच ठार करतो. अखेरीस यानमेन खिंडीत तो खितान सम्राटाला, त्याच्या हयातीत सोंग राज्यावर स्वारी न करण्याची शपथ घ्यायला भाग पाडतो आणि आपल्या सम्राटाचा अवमान केल्याबद्दल तेथेच मोडक्या बाणांनी स्वतःचा अंत करून घेतो. बळाचा याहून अधिक निःस्वार्थ उपयोग या परंपरेत क्वचितच आढळेल. मात्र त्याची किंमत नायकाला दोन्ही देश गमावून चुकवावी लागते. ज्या साहित्यावर संकुचित वांशिक अभिमानाचा आरोप होतो, त्यातच हा नायक निर्माण झाला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

५. पडद्यावरील वूश्या : देहाचे हलकेपण आणि स्त्रीची वाट

कादंबरीत वर्णनाने साधणारे पडद्यावर देहाच्या गतीने साधावे लागते. किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) आणि 'अ टच ऑफ झेन' (१९७१) या चित्रपटांत संगीतनाट्यातील पदन्यास, निसर्ग आणि नेमके संकलन यांचा मेळ घातला. 'अ टच ऑफ झेन'ला १९७५ च्या कान महोत्सवात तंत्रविषयक पारितोषिक मिळाले. या चित्रपटाच्या अखेरीस जखमी भिक्षूच्या देहातून सोनेरी रक्त वाहते. सूडकथेचा शेवट सूडाने न होता साक्षात्काराने होतो.

अँग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) या चित्रपटाला २००१ मध्ये चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. हा चित्रपट सुरू होतो तोच ली मुबाय या योद्ध्याने आपली तलवार देऊन टाकण्याच्या निर्णयाने. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही विद्या कोणाला मिळते, हा प्रश्न येथे स्त्रियांच्या अंगाने विचारला गेला आहे. जेड फॉक्स ही खलनायिका ली मुबायच्या गुरूची मारेकरी आहे. त्या गुरूने तिला शय्येवर घेतले, पण विद्या दिली नाही, ही तिची तक्रार आहे. तिने ग्रंथ चोरला खरा. पण तिला वाचता येत नसल्याने ती केवळ चित्रांवरून शिकत राहिली. तिची तरुण शिष्या जेन हिने मात्र शब्द वाचले आणि आपले ज्ञान लपवून ठेवले. करुणा आणि त्याग यांची महती सांगणारे आखाडे स्त्रीला दाराबाहेर ठेवत होते, हे वास्तव चित्रपट झाकत नाही. जेड फॉक्सची भूमिका करणाऱ्या चेंग पेई-पेई यांनीच १९६६ मध्ये 'कम ड्रिंक विथ मी'मधील तेजस्वी नायिका साकारली होती, या योगायोगाने या तक्रारीला वेगळीच धार येते.

६. तलवार कोणी टाकायची? : 'हीरो' आणि 'द असॅसिन'

शस्त्रत्यागाच्या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी जांग यिमोऊ यांच्या 'हीरो' (२००२) या चित्रपटात लागते. छिनच्या राजावर इ. स. पूर्व २२७ मध्ये झालेल्या हत्येच्या प्रयत्नाची स्मृती त्यामागे आहे. हाच राजा पुढे इ. स. पूर्व २२१ मध्ये चीनचा पहिला सम्राट झाला. अनाम नावाचा मारेकरी राजापासून दहा पावलांवर पोहोचतो. ब्रोकन स्वोर्ड या दुसऱ्या योद्ध्याने यापूर्वीच संधी मिळूनही राजाला जिवंत सोडलेले असते, कारण हाच राजा युद्धे संपवून 'तियानश्या', म्हणजे आकाशाखालचे सारे जग, एक करील असे त्याला वाटते. हा विचार पटून अनामही तलवार मागे घेतो आणि त्यानंतर राजाच्या सैनिकांच्या बाणांना बळी पडतो. रंगयोजना, निसर्गदृश्ये आणि गतीचे सौंदर्य या दृष्टींनी हा चित्रपट असामान्य आहे, याविषयी दुमत होऊ नये.

परंतु त्याच्या युक्तिवादाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ब्रोकन स्वोर्डने लिहिलेल्या 'तलवार' या अक्षराचा अर्थ राजाच उलगडतो. तलवार हातात आणि मनात. मग केवळ मनात. शेवटी हातातही नाही आणि मनातही नाही, असा तो क्रम आहे. दुगू छ्यूबायच्या पुरलेल्या तलवारींशी त्याचे नाते उघड आहे. फरक एवढाच की, तेथे प्रत्येक टप्पा स्वतः योद्ध्याने आपल्या आयुष्यातून, चुकीची कबुली देत, कमावलेला आहे. येथे तोच उपदेश ज्याच्या अंगणात हजारो धनुर्धर उभे आहेत अशा राजाच्या तोंडी येतो. एकटा माणूस तलवार टाकतो आणि सैन्य धनुष्य उचलते. त्याग एकाच पक्षाकडून अपेक्षिला गेला की तो त्याग राहत नाही, ती शरणागती होते. हान फेईचा जुना आक्षेप येथे श्याच्याच मुखाने मान्य करवून घेतला आहे, असे म्हणावे लागते.

याच्या समर्थनार्थ असे म्हटले जाईल की, रक्तपात थांबवण्यासाठी एखाद्याने सूड सोडणे हा करुणेचाच आविष्कार आहे. हा मुद्दा विचारार्ह आहे, आणि श्याओ फेंगनेही तेच केले. मात्र श्याओ फेंगने युद्ध थांबवण्याची शपथ सम्राटाकडून घेतली. अनाम राजाकडून काहीही घेत नाही.

होऊ श्याओश्येन यांचा 'द असॅसिन' (२०१५) या वादाला सर्वांत समर्पक उत्तर देतो. तांग काळातील एका कथेवर आधारलेल्या या चित्रपटासाठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले. न्ये यिन्न्यांग या तरुणीला तिची गुरू एका अधिकाऱ्याला मारण्यास पाठवते. तो आपल्या मुलाशी खेळत असल्याचे पाहून ती परत येते. तेव्हा शिक्षा म्हणून तिला वेइबो प्रांताच्या अधिपतीला, आपल्याच नात्यातील भावाला, मारण्याची आज्ञा होते. ती त्यालाही मारत नाही. त्याची मुले लहान आहेत आणि त्याच्या मृत्यूने प्रांतात अराजक माजेल, हे कारण ती देते. म्हणजे सार्वजनिक शांततेचा विचार अनामप्रमाणे तीही करते. परंतु तो विचार तिला कोणी शिकवलेला नाही आणि त्यासाठी ती कोणापुढे मानही वाकवत नाही. गुरूची आज्ञा मोडून, कोणत्याही सत्तेच्या सेवेत न जाता, ती त्या जगातून निघून जाते. न मारण्याचा निर्णय दोघेही घेतात. स्वतःचा विवेक मात्र एकटीच शाबूत राखते.

७. आकर्षणाची मीमांसा आणि मर्यादा

वूश्याच्या लोकप्रियतेची कारणे आता अधिक स्पष्टपणे मांडता येतील. पहिले, जेथे न्यायालय दूर आणि अधिकारी विकला गेलेला असतो, तेथे न्याय तत्काळ मिळण्याचे स्वप्न ही कथा पुरवते. दुसरे, येथील बळ जन्माने वा पदाने मिळत नाही; दीर्घ साधनेने मिळते, त्यामुळे सामान्य वाचकाला ते आपलेसे वाटते. तिसरे कारण, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते सर्वांत महत्त्वाचे, असे की, समर्थ माणूस स्वतःला आवरतो हे दृश्य मानवी मनाला खोलवर दिलासा देते. प्रत्यक्ष जीवनात ते फार कमी वेळा पाहायला मिळते.

या परंपरेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. असंख्य सामान्य कादंबऱ्यांत सूड हाच आरंभ आणि शेवट असतो; गुरुनिष्ठेच्या नावाखाली अंध आज्ञापालन खपवले जाते. अलीकडच्या आंतरजालीय 'श्यानश्या' कादंबऱ्यांत साधक अमरत्वाच्या पायऱ्या चढत जातो. त्यांपैकी अनेकींत प्रत्येक पायरीवर वाढते ते फक्त बळ. लाकडी तलवारीकडे जाणारा प्रवास तेथे पुन्हा धारदार तलवारीकडे वळलेला दिसतो.

८. निष्कर्ष

वूश्या साहित्य आणि चित्रपट यांचे तत्त्वज्ञान सेवा, त्याग आणि करुणा या तीन मार्गांनी बळाला मर्यादा घालते. ही मर्यादा वीराने स्वतःच्या विवेकाने स्वीकारलेली असेल तोवरच तिला नैतिक मूल्य राहते. 'हीरो'मध्ये ती राज्यसत्तेकडून स्वीकारली जाते, म्हणून कलात्मक सामर्थ्य असूनही तो चित्रपट आपल्याच परंपरेच्या गाभ्याशी विसंगत ठरतो. 'द असॅसिन' तो गाभा पुन्हा हस्तगत करतो. अर्थात, विवेकाची ग्वाही देणारा माणूसही चुकू शकतो, हे ग्वो जिएची हकिकत आणि दरीत फेकलेल्या तलवारीची रिकामी जागा सुचवत राहते. स्वतःला न्यायाधीश मानणाऱ्याने आपल्या हातून कोण जखमी झाले याचे स्मरण ठेवावे आणि इतरांना शस्त्र टाकायला सांगणाऱ्याने आधी आपले धनुर्धर मागे घ्यावेत, हा या मनोरंजक म्हणून दुर्लक्षिलेल्या साहित्याचा बोध कोणत्याही देशातील वाचकाने गांभीर्याने घ्यावा असाच आहे.